पेटीतल्या खणांचे बटवे

आई, तू जाऊन अठरा वर्षं झाली आणि गेल्या महिन्यात तुझ्यामुळं भर मांडवात माझं नाक कापायची वेळ आली. तुझ्या नातीचं लग्न होतं, इथंच कळंबला. तिनं हट्ट धरला, आलेल्या बायकांना प्लॅस्टिकचे डबे द्यायचे नाहीत, हातानं शिवलेले बटवे द्यायचे, आत सुपारी, हळकुंड आणि एक पेढा. म्हटलं, हात्तिच्या, त्यात काय! चाळीस वर्षं मशीन चालवतेय मी. आणि कापड तरी विकत कशाला आणायचं? माळ्यावर तुझी पत्र्याची पेटी होती. ओटीत आलेले खण तू जन्मभर त्या पेटीत रचलेस आणि ह्या लग्नातला त्या लग्नात फिरवत राहिलीस. फिरवून फिरवून जे उरले ते माझ्या वाट्याला आले होते.

एका खणात चार बटवे बसतात. थप्पी लावून एकदम कापले, शिवले, नाड्या ओवल्या, नाड्यांना गोंडे लावले. खणांच्या उलट्या बाजूला, कोपऱ्यात, निळ्या पेनानं काहीतरी बारीक लिहिलेलं दिसत होतं. दुकानदाराच्या खुणा असतील म्हणून मी दुर्लक्ष केलं. अस्तर लावलं असतं तर सगळं झाकून गेलं असतं. पण "बटव्याला कशाला अस्तर, कापड काय वर आलंय का" हे शिकवणारी तूच. म्हणजे पुढं जे झालं त्याला जबाबदार तूच आहेस, मी नाही.

बायकांची पंगत बसलीय. परंड्याची मावशी, तुझी धाकटी बहीण, बटवा उलटा करून पेढा काढते आणि एकदम ओरडते, "अगं बया, हे तर अक्काचं अक्षर!" मी मठ्ठा वाढत होते, तिथंच थिजले. मावशीनं चष्मा वर सारला आणि सगळ्या मांडवाला ऐकू जाईल असं वाचलं, "वाशीची नणंद. रंग जातो. तिलाच परत द्यावा." वाशीची आत्या समोरच बसलेली, हातात जिलबी. "व्हय का?" म्हणाली. "थांब, माझ्यात काय हाय बघू." तिनं आपला बटवा उलथा केला. "परंड्याची बहीण. आखूड. बाहीला पुरत न्हाय. हात आखडता."

कुणाचा खण त्याच्याच घरी परत जाऊ नये म्हणून देणाऱ्याचं नाव सगळ्याच बायका कोपऱ्यात लिहितात. पण नावापुढं शेरा मारणारी तू एकटीच, आई! मग काय, पंगतभर बायका बटवे उलटे करायला लागल्या. पेढे पत्रावळींवर, सुपाऱ्या सतरंजीवर. मावशी आणि आत्या तीस वर्षांपूर्वीच्या बाहीवरून हमरीतुमरीवर आल्या आणि मग दोघी एकमेकींच्या अंगावर पडून हसायला लागल्या. हसल्या नाहीत त्या फक्त विहीणबाई. निवृत्त मुख्याध्यापिका आहेत धाराशिवच्या. बटवा मांडीवर ठेवून आमच्याकडं अशा बघत होत्या की आता पालकांना बोलावणार.

मला हसू येत होतं, ते मधेच थांबलं. त्या पेटीत माझाही एक खण होता. मोरपंखी, लाल काठाचा. सोळाव्या वर्षी पहिल्यांदा लोकांची पोलकी शिवून कमावलं, तेव्हा तुझ्यासाठी आणलेला. "सगळी कमाई ह्यातच गेली," म्हणत मी तो तुझ्यापुढं धरला. तू भाकरी थापत होतीस. पिठाचा हात पदराला पुसलास, कापड दोन बोटांत चोळलंस, "बरा हाय" म्हणालीस आणि भाकरी उलटलीस. तो तू कधी शिवलाही नाहीस. मला ते लई लागलं होतं. बटव्यांसाठी कापताना मी तो ओळखला होता, आणि खरं सांगू, रागानंच कात्री लावली. आता मात्र मला एकच ध्यास लागला, त्याच्यावर तू काय लिहिलंस? मावशीला "आखूड" म्हणणारी तू, माझी काय गत केली असशील!

लग्नाच्या चौथ्या दिवसापासून मी मोरपंखी बटव्यांच्या मागं लागले. "गोंडा सुटतोय म्हणं, नीट करून देते," हे निमित्त. परंड्याला एसटीनं गेले. मावशीच्या सुनेनं त्यात रक्तदाबाच्या गोळ्या ठेवल्या होत्या. आत अक्षर नाही. दुसरा वाशीला आत्याच्या सुनेकडं निघाला, तर त्यात आत्याची तपकीर. उलटा करून बघितला आणि शिंकून शिंकून माझा जीव गेला. तिसरा शेजारणीकडं, तोही कोरा. चौथा विहीणबाईंकडं गेलाय म्हणून लेकीनं फोनवर सांगितलं. झालं! सगळं सोडून नेमका तिथंच!

चिवड्याचा डबा घेऊन धाराशिवला गेले. चहा झाला. मी गोंड्याचा विषय काढला. विहीणबाई उठल्या, बटवा आणला, नाडी दोनदा ओढून बघितली. "गोंडा घट्ट आहे. तुम्ही वाचायला आलात." माझी मान खाली. त्यांनी बटवा उलटा केला आणि वर्गात धडा वाचावा तसा वाचला, "लेकीचा. कापड हलकं. धुतला तर रंग जाईल. शिवायचा न्हाय. कुणाला द्यायचा न्हाय."

मी त्यांच्या सोफ्यावर बसून रडले, आई. नव्या विहिणीच्या घरी, हातात चहाची बशी घेऊन. त्यांनी पाणी आणून दिलं. मग बटवा माझ्या हातात ठेवला. "हा तुम्ही ठेवा. मला दुसरा शिवून द्या, अस्तर लावलेला. आणि आत काही लिहू नका." एवढं म्हणून त्या हसल्या, आणि हसतच राहिल्या.

हे पत्र टाकायचं कुठं, हे मला माहीत नाही, म्हणून घडी घालून मशीनशेजारी ठेवतेय. एक राहिलं. कापड हलकं होतं हे मला दुकानातच कळलं होतं. दुकानदारानं भारी खण आधी दाखवला होता. सगळी कमाई नव्हती गेली त्यात, आई. अर्ध्या पैशांची मी बसस्टँडवर भेळ खाल्ली, आणि तिखट लागली म्हणून वर दोन कुल्फ्या.