काळ्या डब्याचा उतारा

४ एप्रिल, शुक्रवार
हे बाजारातून आले ते चपला काढायच्या आधी पाणी मागत. तांब्या संपवला, परत भर म्हणाले. दिवसभर तिथे काय प्यायलात? "थंड." म्हणजे बिनसाखरेच्या कोल्ड्रिंकचा काळा डबा. किती? पंख्याकडे बघत बसले. घोडेगावच्या बाजारात सौदा मिटला की गिऱ्हाईक ह्यांच्यासारख्या दलालाला थंड पाजतं, नाही म्हटलं तर सौदा मनापासून नाही असं धरतात. सध्या गायींचे सौदे जोरात. समजायचं ते मी समजले.
ह्यांच्या पायाच्या अंगठ्याची पट्टी बदलली. गायीने पाय दिला त्याला पंधरवडा होऊन गेला, जखम अजून ओलीच. शुगरवाल्या माणसाची जखम म्हणजे...

६ एप्रिल, रविवार
सकाळी उपाशीपोटी ह्यांचं रक्त तपासलं. दोनशेच्या बरंच वर. म्हणे मशीन बिघडलंय. मग माझं बोट टोचलं, माझी नॉर्मल. मशीन माझ्याशी खरं बोलतं आणि ह्यांच्याशी खोटं?
डबे अतुलने आणले, दिवाळीला पुण्याहून आला तेव्हा. "आई, बाबांना गोड थंड सुटत नाही ना? मग हे दे, यात साखर नाही." पोराला बापाची काळजी आहे म्हणून मला केवढं बरं वाटलं होतं. पण साखर नाही तर गोड कशाने लागतं? आज चष्मा लावून डब्यावरचं बारीक वाचलं. पाणी सोडून एकही नाव ओळखीचं नाही. आपल्या घरात येणाऱ्या पाहुण्याचंसुद्धा मी आधी गाव विचारते.

८ एप्रिल, मंगळवार
अंगणवाडीत आज डोक्याला हात लावायची वेळ. वस्तीवरची एक आई कडेवर पोर घेऊन आली, जुलाबाने मलूल झालेलं. काय पाजलंस? "ताई, तुमचं मालक पित्यात त्ये दिलं. काळं. साखर नसती ना त्यात, मंग पोटाला बरं." म्हणजे माझ्या घरचं प्रमाणपत्र! मदतनीस शोभाने लगेच ओआरएस कालवलं, मी चमच्याचमच्याने पाजलं, दवाखान्यात पाठवलं. संध्याकाळी निरोप आला, पोर खेळतंय.
घरी येऊन ह्यांना सांगितलं. हसले. मला हसू आलं नाही.

११ एप्रिल, शुक्रवार
आजचा पुरावा: सदऱ्याच्या खिशाखाली डाग. बोट लावून चाखलं, गोड. काळा डबाही गोडच, तेव्हा एवढ्याने काही सिद्ध होत नाही. पण डाग चिकट आहे. परवा घरात डबा सांडला तेव्हा फरशी चिकट झाली नव्हती, मुंगीसुद्धा फिरकली नाही. आणि ह्या सदऱ्याला तासाभरात मुंग्या!
माझा संशय बबनवर. त्याची बाजारात थंडची गाडी आहे. बिनसाखरेचं संपलं की गोड बाटली ग्लासात ओतून देत असणार. ग्लासात ओतलं की कुणाला कळतंय. ह्यांना विचारलं तर, "बबन्या माझ्याशी असं करनार न्हाई." बाजारातल्या सगळ्यांवर ह्यांचा विश्वास, अविश्वास फक्त मशीनवर.

१४ एप्रिल, सोमवार
जयंतीची सुट्टी. शोभाच्या आळीत पोरांनी मिरवणुकीच्या वाटेवर रांजण ठेवले होते, वाळा घातलेलं पाणी. हे तिथे थांबून दोन ग्लास प्यायले, वर म्हणतात, "लई गार हाय, शोभाताई." हेच पाणी, हाच वाळा, घरच्या माठात महिनाभर आहे. ते प्या म्हणून मागे लागावं लागतं, आणि मग म्हणे पाणी "सपक लागतं". शोभा माझ्याकडे बघून गालात हसली.
शुक्रवारी बाजारात जायचं. ह्यांना न सांगता.

१८ एप्रिल, शुक्रवार
जाऊन आले. 
शेळी बघायची म्हणून शोभाला सोबत घेतलं. बबनच्या गाडीमागे टेम्पो उभा होता, त्याच्या आडोशाला थांबलो. शेण, धूळ, ऊन. बायका आम्ही दोघीच, लोक बघत होते. बघू देत.
बबन बिचारा निर्दोष. काळा डबा ह्यांच्यासमोर फोडून देत होता, ग्लास नाही की काही नाही. पण शेजारी हलवायाचं पाल. सौदा झाला, गिऱ्हाइकाने कागदावर गुळाच्या पाकातली गोडीशेव घेतली, ह्यांच्यापुढे धरली. ह्यांनी मूठ भरून तोंडात टाकली, बोटं सदऱ्याला पुसली, वरून डबा. थोड्या वेळाने दुसरा सौदा, परत गोडीशेव, परत डबा. दोन सौद्यांच्या मधे पाण्याचा थेंब नाही.
मी पुढे झाले. वाटलं होतं, चोरी पकडल्यासारखा चेहरा पडेल. कशाचं काय! "तू हितं कशी? ये, बस. गोडीशेव खाती?"
तुम्ही हे खाताय?
"मंग उतारा घेतोय की वरून." आणि डबा उचलून मला दाखवला.
तिथे चार माणसांत बोलले नाही.  घरी सगळं ऐकलं. ह्यांच्या मते डब्यात साखर नाही, म्हणजे तो पोटात गेला की तिथली साखर ओढून घेतो, कोरडं फडकं पाणी ओढतं तसा. दिवाळीपासून हे असं चाललंय! आणि एकटे हेच नाहीत, बाजारातले दोघेतिघे शुगरवाले ह्यांचं बघून उतारा घेतात.
एवढ्यावर थांबलं नाही. "शुक्रवारी गोळी घेत न्हाई मी. गोळी आन डबा दोनी घेतलं तर शुगर लई खाली जाईल, चक्कर यील. तूच सांगितलं हुतंस, खाली गेलेली वाईट." हे अगदी शांतपणे, जपून वागणाऱ्या माणसाच्या तोंडाने. ओरडावं की रडावं कळेना. पंधरा दिवस मी डबा, बबन, मशीन, सगळ्यांवर डोळा ठेवला. आणि हे इमानदारीत पथ्य पाळत होते.
मग गोळ्यांची पाकिटं उशीवर ओतून मोजली. शुक्रवारच्याच नाहीत, मधल्या वारांच्याही शिल्लक आहेत. ते कसं? "घरी डबा पेलो आसन तवा." असेल किंवा नसेल. आता मी कशावरच विश्वास ठेवायचा नाही असं ठरवलंय.

१९ एप्रिल, शनिवार
नेवाशाला डॉक्टरांकडे. त्यांना सगळं सांगितलं. हसले नाहीत, बरं वाटलं. म्हणाले, डब्यात साखर नाही हे खरं, तो शुगर चढवत नाही. पण उतरवतही नाही, पोटातल्या गोडीशेवेला हातसुद्धा लावत नाही. मी विचारलं, मग चांगला का वाईट? म्हणाले, रोज, वर्षानुवर्षं प्यायल्यावर काय होतं याची खात्रीची उत्तरं अजून नाहीत, अधूनमधून एखादा घेतला तर ठीक, पण पाण्याच्या जागी तो नको. आंबटपणाने दात झिजतात, आतल्या कॅफिनने काहींची झोप उडते. आणि इतकी तहान लागते ती उन्हाने कमी, चढलेल्या शुगरने जास्त.
प्यायला काय? साधं पाणी, तहानेची वाट न बघता घोट घोट. लिंबू पिळून, बिनसाखरेचं. पातळ ताक, ह्यांना बी.पी.ही आहे म्हणून मीठ नावाला. रसवंतीकडे बघायचंसुद्धा नाही.
शेवटी पट्टी सोडून अंगठा बघितला. कडेने दाबत पुन्हा पाहिला. नवी गोळी, रोज ड्रेसिंग, काळपट दिसला किंवा ताप आला तर त्याच दिवशी यायचं. हे एकदम म्हणाले, "अंगठा ऱ्हाईल ना डॉक्टर?" डॉ. म्हणाले, बघू, प्रयत्न करू. येताना एस.टी.त हे खिडकीबाहेर बघत होते. मला भीती वाटते. लिहूनही कमी होत नाही.

२२ एप्रिल, मंगळवार
गोळी माझ्यासमोर. तोंड उघडायला लावते. "मी बैल हाय का दात बघायला?" ताक पितात, तोंड वाकडं करून. साधं पाणी मागून पितात, एकदा तर न सांगता उठून माठाकडे गेले. मी स्वयंपाकघरातून कान देऊन होते, तांब्या मोरीत तर ओतला नाही ना. नाही, प्यायलेच.
असं कान देऊन जगणं मला आवडत नाही. पण सोडवत नाही.

२५ एप्रिल, शुक्रवार
बाजाराला गेले, स्टीलची बाटली भरून दिली होती. दुपारीच परत. बाटली रिकामी. बबनने डबा पुढे केला तर "पानी दे" म्हणाले म्हणे, गिऱ्हाईक जरा नाराज झालं, पण सौदा टिकला. हे सगळं ह्यांच्याच तोंडून.
मी म्हटलं, मला पक्कं सांगा. गोडीशेव बंद, डब्याचा उतारा बंद, गोळी रोज, अंगठा बरा होईपर्यंत बाजारही बंद. ह्यांनी खांद्यावरचं उपरणं माझ्या हातावर टाकलं आणि खालून माझा हात धरला. बाजारात भाव असाच करतात, कपड्याखाली बोटं दाबून. पाचही बोटं एकदम दाबली. म्हणजे मागितला तेवढा भाव, पुरा.
इथेच माझं मन खात बसलं. घासाघीस न करता पहिल्या भावाला जो हो म्हणतो तो व्यवहार करायला आलेलाच नसतो, हे मी ह्यांच्याकडूनच ऐकलंय. बाजार बंद करायला हे एका दमात तयार? चेहरा न्याहाळत राहिले, डोळ्यांत काही लबाडी दिसते का.
मग कळलं, हात भाजतोय. उन्हातून आलेत म्हणून असेल. पाणी दिलं, प्यायले, आडवे झाले. थोड्या वेळाने कपाळाला हात लावला, तेही तापलेलं. पट्टी सोडायला गेले तर पाय ओढून घेतला. "आता नगं. उद्या बघू."
आजच नेवाशाला न्यायचं म्हणून शोभाच्या नवऱ्याला रिक्षा घेऊन बोलावलंय. येईपर्यंत पायाशी बसले आहे. ह्यांनी पाय अजून पोटाशी धरलाय.