मोबाईलमध्ये भरून ठेवलेली ओ

अप्पा, मी नवीन मोबाईल घेतलाय. तुम्हाला हे सांगून काय उपयोग ते कळत न्हाई, पण दुसऱ्या कुणाला सांगावं तेही कळत न्हाई. मी मस्कतला गोदामात कामाला हाय. तुम्ही गेलात तेव्हा पाळण्यात होती ती धाकटी आता लातूरला बारावीचे क्लास करून राहिली. आई तिच्यासंगं एका खोलीत राहते, तिचा डबा करते, आणि दुपारी खालच्या दुकानातनं मला फोन लावते. नेमका तेव्हा माझा फोन कपाटात असतो, गोदामात न्यायला मनाई हाय.

म्हणून खोलीतला केरळचा सोबती म्हणाला, व्हॉइसमेल चालू कर. म्हणजे आपण उचलला न्हाई तर फोन आपल्याच आवाजात बोलतो आणि समोरच्याचं बोलणं जपून ठेवतो. तो बटणं दाबत गेला, एक बाई इंग्रजीत काहीबाही सांगत गेली, आणि मग फोन माझ्या तोंडापुढं धरून तो म्हणाला, "अब बोलो." मी म्हटलं, "किसको?" तर म्हणाला, "किसी को नहीं. बस बोलो." समोर कुणीच न्हाई त्याला काय बोलतेत, अप्पा? मी नुसताच खाकरत राहिलो. शेवटी त्यानं शिकवलं तसं मराठीत म्हटलं, "मी आत्ता न्हाई. काय असंल ते सांगा."

दुसऱ्या दिवशी कामावरून आलो तर त्यात आई. "आरं, न्हाई म्हणजे? बोलून तर राहिलास." मग थांबली. "कुठं हाईस? ओ दे की रे." मागून दुकानदार म्हणतोय, "मावशी, मशीन हाय ती. ठेवा." आई त्याच्यावरच उखडली, "मशीन कशी? माझं लेकरू हाय ते."

तुमच्यामागं आपल्या घरात एवढा एकच कायदा राहिला. भूकंपानंतर पत्र्याच्या शेडात राहायचो तेव्हा आई उगंच हाक मारायची, आणि आम्ही हातातलं टाकून ओ द्यायची. एकदा गोट्यांच्या नादात मी दिली न्हाई, तर ती चुलीपासून तशीच उठून आली, माझ्या पाठीवर पिठाचा पंजा उमटला. मारलं तिनं आणि रडलीबी तीच. भूकंपात ज्यांनी ओ दिली त्यांना लोकांनी आधी उकरून काढलं, हे तिनं डोळ्यानं बघितलं होतं.

म्हणून मी पहिलं पुसून दुसरं भरलं, "ओ, आई. बोल, ऐकून राहिलो." वाटलं, झालं काम. पुढच्या खेपेला आई खुशीत बोलत होती. धाकटीला टेस्टला मार्क कमी पडले, घरमालकीण पाण्यावरनं भांडती. मध्येच विचारायची, "जेवलास का?" आणि थांबायची. मग धाकटीचा आवाज आला, "आई, दादा न्हाई तिथं. ते त्यानं आधीच बोलून ठेवलंय."  मग आई हळूच म्हणाली, "खोटी ओ देऊ नको रे मला. न्हाईस तर न्हाई म्हण."

आता मी काय भरू? न्हाई म्हटलं तर ती घाबरती, ओ दिली तर फसवल्यागत होतं. बंद करावं तर फोन नुसता वाजत राहणार, ते तर सगळ्यात वाईट. सोबत्याला विचारलं तर तो हसतो, "इतना क्या सोचता है, भाई?" त्याला काय सांगू? म्हणून तुम्हाला लिहून राहिलो. हा कागद कुठं पोस्टात टाकायचा न्हाई, ते मलाबी ठाऊक हाय.

भूकंपाच्या त्या पहाटे आई दगडमातीच्या ढिगावर बसलीय आणि मी तिला चिकटून. तुमचं नाव तिनं कधी घेतलं न्हाई, तेव्हाबी घेत न्हाई. "अवो, अवो," करून राहिली. आजूबाजूला सगळ्या बाया तेच म्हणतायत, कुणाचा अवो कुणाला कळावा. एकदम ती थांबते, मला विचारते, "दिली ना रे ओ? ऐकलंस ना?" मी मान हलवतो. माणसं तिथंच उकरायला लागतात.

तुम्हाला काढल्यावर जाणती माणसं म्हणाली, हे तर भिंत पडतानाच गेलेत. आई अजून म्हणते, त्यांनी ओ दिली होती, पोरानंबी ऐकली. अप्पा, मी ती ऐकली, का आईनं विचारलं म्हणून मान हलवली, हे मला खरंच सांगता येत न्हाई. तेवढं कळलं असतं, तर फोनमध्ये काय भरावं ते मी ठरवलं असतं.