लाल झालेला पाईप

अल्लीपूर
६ जानेवारी २०२५

ती. रूपरावदादा यांस रुख्माचा सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मी ओरडले की अख्ख्या गल्लीला कळतं, म्हणून लिहिते. इकडे सगळं छान. यंदा कापूस चांगला आला. माझ्या धनंजयनं मागच्या खोलीत छतापर्यंत भरून ठेवलाय. काल वर्षालीच्या माहेरची माणसं जेवून गेली. सूनबाई खूश आहे.

आता खरं सांगते. पुरणपोळ्यांची घाई होती, म्हणून लोखंडी चुलीत वाळक्या पऱ्हाटीची, कापसाच्या काड्यांची, अख्खी पेंडी कोंबली. थोड्या वेळानं धुराचा पाईप लाल झाला, आतून घुर्र आवाज येऊ लागला. घाबरून तांब्याभर पाणी ओतलं, तर वाफेनं मनगट भाजलं. वर्षालीला सांगितलं, तेल उडालं.

धनंजयला कळलं तर चूल भंगारात जाईल आणि मी खाटेवर. सत्तरी आली तरी घर माझ्या हातचं जेवतं, तेवढंच माझं उरलंय हो. तुम्ही दारूगोळ्याच्या डेपोत आगी विझवण्यात नोकरी काढली. गुपचूप उपाय सांगा. एवढं वाचून लोभ कमी करू नका.

तुमची रुख्मा

नाचणगाव
९ जानेवारी २०२५

चि. रुख्मा हीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आत्ताच मिळालं. आमचा शेजारी गुलाब तिकडेच निघालाय, त्याच्या हाती उत्तर देतोय. डाकेवर माझा भरवसा नाही.

तो आवाज म्हणजे पाईपातली काजळी पेटली होती. तापल्या लोखंडावर पाणी ओततात का गं? ते तडकतं. चुलीचं दार लावायचं, हवा तोडायची आणि घरातल्यांना हाक मारायची. लहानपणीही तुला जाळ मोठाच लागायचा. तुझ्या कितीतरी करपलेल्या भाकरी मी मुकाट्यानं खाल्ल्यात.

पण एक गोष्ट तू लिहिली नाहीस. तो पाईप कापसाच्या खोलीच्या भिंतीतून जातो, मी दिवाळीत पाहिलंय. भिंतीतलं लाकूड आतल्या आत करपतं आणि एक दिवस पेटतं. चूल अजिबात पेटवू नकोस. धनंजयला आजच सांग. नाही सांगितलंस तर उद्या मी येतो, आणि मला हळू बोलता येत नाही. मला तुझी काळजी वाटते, चुलीची नाही.

ममता आहेच, ती तशीच राहील.

तुझा दादा

अल्लीपूर
१२ जानेवारी २०२५

ती. दादांना सा. न. वि. वि.

गुलाब चहा पिऊन गेला आणि त्याच संध्याकाळी मी धनंजयला सगळं सांगितलं. त्यानं आधी माणसं बोलावून कापूस हलवला, मग पाईप काढला. भिंतीतल्या फळीचा निम्मा कोळसा झाला होता. ते पाहून मीच म्हटलं, बाबा, ने ती चूल.

तेव्हा तो खाली बसला आणि म्हणाला, आई, मंगळवारी आंघोळीचं पाणी तापवताना माह्याच्यानंबी पाईप लाल झालता. सांगितलं तर तू भिऊन चूल सोडशीन, मंग तुले करमनार नाई, म्हणून बोललो नाई.

त्यानंच चूल आता अंगणातल्या मोकळ्या छपरीत मांडून दिली. मी दोन-दोन काड्याच घालते. पोळ्यांना वेळ लागतो, पण घर माझ्याच हातचं जेवतंय. संक्रांतीला या.

रात्री मात्र तेच मनात येतं, दादा. आम्ही मायलेक एकमेकांना जपत गप्प बसलो होतो, आणि तिकडे भिंतीत लाकूड जळत होतं.

माया असू द्यावी.

तुमची रुख्मा