पाण्याची ओटी

माय, आज तुझ्याशी पाण्याचंच बोलायचं आहे. मी सातवीत होते. पंचायतीचा माणूस काचेची बोटभर नळी घेऊन आपल्या दारात आला, तेव्हा तू चुलीवरच्या भाताचं शीत दाबून बघत होतीस. "मावशी, पाण्यात क्लोरीन आहे का बघायला ओटी टेस्ट करायचीय," तो म्हणाला, आणि तू पदर सावरून हसलीस. "अगं बाई, पाण्याची बी ओटी भरता व्हय?" आपण नेकनूरच्या बाजारातून आणलेल्या माठातलं पाणी त्यानं नळीत घेतलं, औषधाचे थेंब टाकले, आणि पाणी पिवळं झालं. तू तोंडावर हात ठेवलास. "हळद तर टाकली न्हाई तुमी!" मग हळूच विचारलंस, "एवढ्याशा पाण्यावरून सगळ्या गावाचं कळतंय?" तो म्हणाला, "शितावरून भाताचं कळतंय तसं."

माय, तू गेलीस, आणि आता ती नळी माझ्या हातात असते. आपल्या घरातली पहिली पदवीधर नगरपरिषदेच्या पाणीपुरवठा विभागात लागली आहे. रस्त्याखाली दोन पाणी शेजारी-शेजारी वाहतात, हे मला इथं येऊन कळलं. एक पिण्याचं, दुसरं पावसाचं, सगळ्या गावाची घाण धुऊन नेणारं. त्यांची गाठ पडू नये म्हणून रोज किती माणसं राबतात!

गेल्या पावसात ती गाठ पडली. कॅरीबॅगांनी नाला तुंबला, घाण पाणी व्हॉल्व्हच्या खड्ड्यात भरलं आणि सैल जोडातून पिण्याच्या पाइपात शिरलं. नेमकी त्या दिवशी तिथल्या गल्लीची पाण्याची पाळी, सगळ्या घागरी दारात. मी नळी भरली. थेंब टाकले. पिवळं होईना. पाण्यातलं क्लोरीन घाणीशी झुंजण्यातच संपलं होतं. गल्लीत लहान लेकरं होती. मी पाणी बंद करायला लावलं.

"मॅडम, तुमच्या घरी भरलेलं असंल, आमी काय प्यावं?" एक बाई अंगावर आली. "आन् एवढ्याशा पाण्यात काय दिसतंय तुमाला?"

मी नळी तिच्यापुढं धरली. "मावशी, टँकर येतोय. हे पाणी मी माझ्या आईला दिलं नसतं," एवढंच म्हणाले.

माणसं नाल्यात उतरली. खड्डा उपसला, जोड बदलला, पाइपातलं पाणी किती तरी वेळ वाहून जाऊ दिलं, नवं सोडलं. उन्हं कलताना त्याच बाईच्या नळाखाली मी नळी धरली. ती माझ्या खांद्यावरून वाकून बघत होती. पाणी पिवळं झालं. "अगं माय," ती पुटपुटली, आणि घागर पुढे सरकवली.

हे पत्र कुठं पाठवायचं नाही, म्हणून सांगते. नळीतलं पिवळं पाणी पिण्याचं नसतं, ते लगेच टाकून द्यायचं असतं. माझ्याच्यानं ते लगेच होत नाही. कुणाचं लक्ष नाही असं बघून मी नळी क्षणभर उन्हात उंच धरते. तुला दिसावी म्हणून.