मांडीमागची भीती

प्रिय मनोजदादा,

इकडे शेलार गावात सगळं ठीक आहे, एवढंच मी तुला फोनवर सांगते. मी अजून धावते, हे सांगत नाही. ठाण्याच्या मैदानावर तू शंभर मीटर धावताना मांडीमागचा स्नायू फाटून पडलास, तेव्हाचं तुझं ओरडणं अजून माझ्या कानात आहे. तुझं धावणं सुटलं. सुरतेला कामाला जाताना तू म्हणालास, "रुचिका, तू नको धावू."

आमच्या कोच रीमाताई म्हणतात, स्नायू ताणला जात असतानाही त्यात ताकद राहिली, तर फाटण्याचा धोका बराच कमी होतो. म्हणून मी गुडघ्यांवर उभी राहते, मागून कोणीतरी घोटे दाबून धरतं आणि मी अंग ताठ ठेवून हळूहळू पुढे जमिनीकडे जाते. घरी आई धरते. पहिल्यांदा धरताना तिनं विचारलं,

"याच्यानं तुझापन फाटायचा न्हाय ना?"

"फाटू नये म्हणूनच करायचं, आई."

आज जिल्हा स्पर्धेसाठी निवडचाचणी होती. शेवटी शेवटी मांडीमागे ताणल्यासारखं वाटलं आणि तू डोळ्यांसमोर आलास. तरी मी वेग कमी केला नाही. पहिली आले. सगळे टाळ्या वाजवत होते आणि मी मांडी धरून कळ यायची वाट बघत उभी होते. ती आली नाही.

आता शर्यत ठाण्याला, त्याच मैदानावर. मला फार भीती वाटते, दादा. पण हे पत्र मी टाकणार नाही. हे वाचून तू पुन्हा नको म्हणालास, तर मी खरंच थांबेन.

तुझीच,
रुचिका