वेचणीच्या दिवसांतल्या गोळ्या

आई, आज देऊळघाटला जाऊन तुझ्या त्या बाईला भेटून आले. तीच, जिला तू आपल्या स्वयंपाकघरात खोटारडी ठरवलंस. केस पांढरे झालेत तिचे, पण अंगणात बसून तुरीच्या शेंगा सोलताना हात अजून झपझप चालतो.

तुला आठवत असेल. बोंडअळीला मारणारं बीटी कापसाचं बियाणं गावात नुकतंच आलं होतं, बोंडं फुटून शेतं पांढरी झाली होती आणि वेचणीला बाया पुरत नव्हत्या. ती गरोदर होती आणि रक्ततपासणीत गरमी निघाली, म्हणजे सिफिलिस. नवऱ्याला तू दम देऊन बसवलंस आणि सुई टोचलीस. तिचा नंबर आला तेव्हा ती म्हणाली, “नर्सबाई, या सुईनं बसता येत नाही न वाकता येत नाही. कापूस येचाले कशी जाऊ?” पेनिसिलिनची ती सुई खरंच फार दुखते. तुला कणव आली. तू डॉक्टरांकडे तिच्यासाठी शब्द टाकलास आणि गोळ्या मिळवून दिल्यास. तुझं नेहमीचंच होतं ते. रागावायचीस फार, पण त्याआधीच विरघळलेली असायचीस.

बाळ मेलेलं जन्मलं. त्यानंतर एकदा ती आपल्या दारी येऊन बसली. तू भाकरी करत होतीस, मी कोपऱ्यात पुस्तक उघडून बसलेली. तू वर न बघताच म्हणालीस, “गोळ्या फेकून देल्या असतीन तुनं.”

ती म्हणाली, “नाही बाई. साऱ्या खाल्ल्या मीनं.”

“मंग काऊन असं झालं? खोटं कायले बोलून राह्यली?”

ती उठून गेली. तव्यावरची भाकरी करपली आणि तू ती तशीच खाल्लीस. पुढे कुठल्याही गरोदर बाईनं कितीही गयावया केली, तरी तू सुईच द्यायला लावलीस. तेव्हा मला तुझा फक्त राग दिसला होता. भीती आता कळते. ती खरं बोलत असती तर दोष गोळ्यांवर आला असता, आणि गोळ्या तू मिळवून दिल्या होत्यास.

आता माझं काम ऐक, तू असताना नीट सांगायचं राहूनच गेलं. गावोगावच्या दवाखान्यांतून गरमीच्या रोग्यांच्या व्रणातला स्राव आमच्या प्रयोगशाळेत येतो. हा जंतू मोठा नखरेल, काचेच्या बशीत सहजासहजी वाढत नाही. त्यामुळे कुठलं औषध त्याला लागू पडतं हे वाढवून बघता येत नाही, त्याची जनुकंच वाचावी लागतात. कुठल्या जिल्ह्यात त्यांत काय बदलतंय, यावर आम्ही पाळत ठेवतो. एका ठरावीक जागी एकच अक्षर बदललेलं दिसलं, की समजायचं, या जंतूला तसल्या गोळ्यांची आता पर्वा नाही. तुझ्या सुईपुढे मात्र तो अजून मान टाकतो. ते बदललेलं अक्षर पहिल्यांदा पडद्यावर पाहिलं तेव्हा मला तीच बाई आठवली, आणि रडू आलं.

म्हणून आज गेले. तिला समजावणं सोपं गेलं. म्हटलं, “मावशी, बीटीवरची बोंडअळी पहिले मरे, आता मरत नाही ना? तसंच. तुमच्या अंगातले जंतू त्या गोळ्यांनी मरणारे नव्हतेच. नक्की सांगते.”

तिचे हात थांबले. “मले तं मालूमच होतं. मीनंच खाल्ल्या ना. तुह्या मायले कोनी सांगाले पाह्यजे होतं.” मग पुढची शेंग उचलत म्हणाली, “माह्यासाठी डॉक्टरसंगं भांडली होती ती. तिले सांग, मी रागात नाही.”

हो म्हणून आले. मेलेल्यांना काही कळत नाही असं मानणारी मी, तरी लिहायला बसले. हे पत्र कुठे जाणार नाही, म्हणून एक कबूल करते. तिला मी ‘नक्की’ म्हणाले, पण प्रयोगशाळेत तो शब्द लिहायची माझी हिंमत झाली नसती. तिचा जंतू कुणी जपून ठेवलेला नाही. तो कदाचित साधाच, गोळ्यांनी मरणाराही असेल, आणि गोळ्यांचं औषध पोटातल्या बाळापर्यंत पोचलंच नसेल. तसंही होतं, हे आता माहीत झालंय. यातलं खरं काय, ते मला कधीच कळणार नाही. पण गोळ्या तिनं खाल्ल्या होत्या, आई. तिनं तुला सांगितलं होतं.