पाच दिवस ताटाचा फोटो नाही

माय,

आज पाचवा दिवस आहे. पोट्टीच्या ताटाचा फोटो आला नाही. पोट्टी म्हणजे माझी नात, माझ्या एकुलत्या लेकाची एकुलती मुलगी. तू तिला पाहिलं नाहीस. तू गेलीस तेव्हा तिचा बाप कॉलेजात होता आणि त्याला मिशी फुटल्याचं तुलाच सगळ्यात जास्त कौतुक होतं. तू जाऊन आता तीस वर्षं झाली. त्या मिशीवाल्याच्या घरी, अमेरिकेत बॉथेल म्हणून गाव आहे तिथे, ओट्यापाशी उंच खुर्चीवर बसून मी हे लिहितेय. सूनबाई तिच्या लॅबमधून एका बाजूने कोरे कागद आणते, मी त्यावर सामानाची यादी करते. आज यादीच्या कागदावर तुला लिहायला घेतलं. चौथीचं अक्षर आहे, वाकडंतिकडं जाईल. तुला तर तेवढंही येत नव्हतं, म्हणजे आपलं दोघींचं जमेल. वरणाचा कुकर लावलाय. लेक साडेपाचला येतो. तो यायच्या आत मला एक गोष्ट ठरवायची आहे आणि ती तुझ्याशिवाय ठरत नाही.

पोट्टी बावीस वर्षांची आहे. कपाळ तुझ्यासारखं रुंद, आणि चालताना हात तुझ्यासारखेच हलवते, जणू सगळा रस्ता हिचाच. कॉलेज संपलं, नोकरी लागली, नोकरीवर जायला दोन महिने होते, तर म्हणे मी फिरून येते. जायच्या आधी पाठीवरची पिशवी आणली. पिशवी कसली, गॅसची टाकी म्हण. मी म्हटलं, मला घालून दाखव. तिने माझ्या पाठीवर चढवली, छातीवर एक पट्टा, कमरेवर एक पट्टा, कटकट आवाज करत लावले, आणि हात सोडला तशी मी मागच्या मागे सोफ्यावर. उलटं पडलेलं कासव बघ. दोघी इतक्या हसलो की सूनबाई वरून धावत आली. पोट्टी म्हणाली, "आजी, यू आर रेडी! चल माझ्यासोबत." मी म्हटलं, "अन् गुडघे इथं ठेवून येऊ का?" पण माय, तुला सांगते, त्या एका क्षणात मी मनात लुगडं कोणतं घ्यायचं ते ठरवून टाकलं होतं.

स्वस्तात फिरायचं असतं म्हणे. आठ जणांच्या खाटा एका खोलीत, एकावर एक. लांबचा पल्ला असला की बसमध्येच झोपायचं म्हणजे त्या दिवसाची खोली वाचते. दोन कपडे अंगावर, दोन दोरीवर. नाष्टा रस्त्यावरच्या बाईकडे, बाकड्यावर बसून. ती मोठ्या उत्साहाने सांगायची, "आजी, इट्स अ बजेट ट्रिप." मी म्हटलं, आमची सगळी वस्ती जन्मभर अशीच राहिली बाई, आम्ही त्याला फक्त नाव दिलं नव्हतं.

घरी सांगून गेली की दोन मैत्रिणी सोबत आहेत. थायलंडपर्यंत होत्याही. मग एकीचं पोट बिघडलं, दुसरीला कंटाळा आला, दोघी परत आल्या. ही मात्र एकटी बोटीत बसली आणि मोठ्या नदीतून लाओस नावाच्या देशात गेली. हे तिने फक्त मला सांगितलं. "आजी, बाबाला नको सांगू. ही विल फ्रीक आउट. सगळं कॅन्सल करून परत बोलवेल." मी म्हटलं, "आणि मला काही होणार नाही का?" तर म्हणते, "तू कूल आहेस." माय, सत्तरीच्या बाईला कुणी कूल म्हटलं की तिची अक्कल जाते. मी हो म्हटलं. अट एकच घातली. डोंगर नको, समुद्र नको, रोज जेवलीस ते ताट दाखव. जेवणाऱ्या माणसाची काळजी वाटत नाही. मी इथे संध्याकाळची भाजी चिरायला घेते तेव्हा तिकडे तिची उद्याची सकाळ झालेली असते. रोज त्याच वेळी फोन टुणकन वाजायचा. नूडल्सचं भांडं, त्यात पाला तरंगतोय. केळीच्या पानात बांधलेलं काहीतरी. एकदा तळलेले किडे होते, मी फोन उलटा ठेवला आणि भाजी चिरली.

आणखी एक सांगून ठेवलं होतं. गावात पोचलीस की आधी विहार शोध, म्हाताऱ्या बायकांच्या शेजारी जाऊन बस, आणि आपली पालीतली बुद्धवंदना म्हण. तू मला बिड्या वळता वळता शिकवलीस ना, तीच. तेंदूपानं कापायची कात्री चालायची आणि तिच्या ठेक्यावर आपण म्हणायचो. तुला अर्थ लागत नव्हता, मलाही नाही, पण एक अक्षर चुकलं की तू कात्रीची मूठ माझ्या गुडघ्यावर टेकवायचीस. मी ती पोट्टीला याच ओट्यावर गाजर किसता किसता शिकवली. म्हणते अमेरिकन जिभेने, पण सगळी म्हणते. तर माय, तिकडच्या विहारात हिने सुरू केली, आणि त्या म्हाताऱ्या आधी हसल्या, मग हिच्याबरोबर म्हणायला लागल्या. चाल वेगळी, शब्द तेच! एकीने हिच्या मनगटाला पांढरा दोरा बांधला. पोट्टी फोनवर ओरडतेय, "आजी, सेम सेम! दे नो इट!" आणि मी इथे ओट्याला धरून रडतेय. कामठीच्या बिडीवालीचा आवाज कुठल्या नदीपर्यंत गेला बघ. तीन दिवस मी भेटेल त्याला सांगत होते. रविवारी इथली आपली माणसं कुणाच्या तरी घरी वंदनेला जमतात, तिथेही सांगितलं. फक्त एकटी आहे एवढं गाळून.

शेवटचं ताट आलं ते असं: बांबूच्या टोपलीत चिकट भात, बाजूला भाजलेल्या मिरचीचा ठेचा, आपल्यासारखाच. खाली बोललेला निरोप होता. "आजी, उद्या बोटीने वर एका छोट्या गावात जाते. मे बी एक दिवस नेटवर्क नसेल. डोंट वरी. तिथे पण विहार आहे. तुझंच ऐकते मी." तुझंच ऐकते. हे मी पाच दिवसांत किती वेळा ऐकलं, मोजलेलं नाही. तिला मीच पाठवलं ना तिथे. तिने बापाला विचारलं असतं तर त्याने सांगितलं असतं, मोठ्या गावात राहा, रस्त्याला धरून राहा. आजीने सांगितलं विहार शोध, म्हणून ती नदीच्या वर वर गेली.

मी फोन लावते तर एक बाई त्यांच्या भाषेत काहीतरी गोड बोलते आणि ठेवून देते. निरोप पाठवला की शेजारी एकच बारीक खूण येते. पोचला की दोन येतात, हे मला पोट्टीनेच शिकवलंय. एकच आहे, माय. पाच दिवसांच्या सगळ्या निरोपांना एकच. आणि परवा लेक जेवता जेवता सहज म्हणाला, तिकडे फार पाऊस चाललाय म्हणे, नद्या भरल्यात. सहज म्हणाला आणि लोणचं मागितलं. माझा हात बरणीत तसाच राहिला.

आता खरं लाजिरवाणं ते सांगते. रोज आल्यावर तो बूट काढता काढता विचारतो, "आई, आला का फोटो?" पहिल्या दिवशी मी म्हटलं, "यायचाय." दुसऱ्या दिवशी म्हटलं, "आला." तिसऱ्या दिवशी त्याने हात पुढे केला, "दाखव ना." मी जुनाच दाखवला, तो भाताचा. तो म्हणाला, "परत भातच?" मी म्हटलं, "तिकडे भातच खातात." हसला तो. काल विचारलं, "मैत्रिणीपण हेच खातात का गं?" मी म्हटलं, "हो रे, तिघी मिळून." सकाळी आंघोळ करून मूर्तीपुढे बसते, पाच शीलं म्हणते, चौथं खोटं न बोलण्याचं. आणि संध्याकाळी पोटच्या पोराला भाताचा शिळा फोटो दाखवते. दुसऱ्याच दिवशी सांगितलं असतं तर त्याने त्या मैत्रिणींना विचारलं असतं, सरकारी हापिसात फोन केले असते, इंग्रजीत भांडला असता. मला यातलं काही येत नाही. मला फक्त कुकर लावता येतो. माझ्यामुळे तीन दिवस गेले. नदी काय माझ्या विचार करण्याची वाट बघत थांबणार आहे?

तू म्हणशील, मग सांगितलं काहून नाही? तुझ्यामुळे, माय.

मी अकरा वर्षांची आहे. दसऱ्याचा दिवस. सगळी वस्ती पायी दीक्षाभूमीच्या मेळ्याला निघाली आहे, पांढरी लुगडी, पांढरे सदरे, आणि तू तेंदूपानांचं सूप मांडीवर घेऊन म्हणतेस, बिड्या पोचवू, मग दुपारून जाऊ. आपली ती दुपार कुठल्याच वर्षी येत नव्हती. मी धाकट्याला पाळण्यात टाकलं आणि माणसांच्या मागे चालू लागले. कामठी ते नागपूर, अनवाणी, एकटी. काय सांगू तुला! भोंग्यावरची गाणी, पुस्तकांची दुकानं, एका ठिकाणी द्रोणात खीर वाटत होते, मी तीनदा घेतली. इतकी माणसं आणि त्यातलं एकही मला "ऊठ, पानं भिजव" म्हणत नव्हतं. संध्याकाळी आपल्या मोहल्ल्यातल्या एका मावशीने मला पाहिलं आणि हाताला धरून घरी आणलं. तू दारात बसली होतीस. आवाज बसलेला. मारलं नाहीस. विचारलंस, "हरवली होतीस का वं?" मी मान हलवली, हो. तू म्हणालीस, "मले वाटलं, गेली तू." एवढंच. दुसऱ्या दिवशी माझं दप्तर माळ्यावर गेलं आणि सूप माझ्या मांडीवर आलं. "बस इथं. डोळ्यासमोर." लग्न होईपर्यंत मी तुझ्या डोळ्यासमोर बसले.

मी सगळ्यांना सांगते, गरिबी होती म्हणून शाळा सुटली. गरिबी होतीच. पण शाळा सुटली ती तुला वाटलेल्या भीतीने, हे तुलाही माहीत होतं आणि मलाही. तू खोकून खोकून गेलीस, मी पाय चेपत होते, पण त्या दप्तराबद्दल आपण दोघी कधी बोललो नाही. मी तुला माफ केलं नव्हतं. पोट्टीला मोकळं सोडताना दर वेळी मला वाटायचं, बघ माय, अशी सोडतात पोरगी. आणि आज पाचव्या दिवशी मलाच वाटतंय की ती एकदा दारात उभी राहू दे, ती गॅसची टाकी मी कचऱ्यात टाकीन, पासपोर्ट तांदळाच्या डब्यात पुरीन, आणि म्हणेन बस इथं. आता कळलं गं तुझं. पण माझा लेकही तुझाच नातू आहे. त्याला आज कळलं की तो हेच करेल. इथून जवळच्या बेलव्ह्यू गावात नोकरी, आमच्याच घरातली खोली, फोनवर ती कुठे आहे ते दाखवणारा ठिपका. तिच्या मांडीवर सूपच येईल, फक्त त्याला स्क्रीन असेल. म्हणून बोलले नाही. पण डोळ्यासमोर नको म्हणताना ती जगातच नको, असं तर मी म्हटलं नव्हतं ना.

तिसरी शिट्टी झाली. गॅस बंद केला. गॅरेजच्या दाराचा आवाज येतोय, गाडी आत येतेय. आज त्याने विचारलं की मी सांगणार, एकटी आहे, मला पहिल्यापासून माहीत होतं, आणि तो फोटो शिळा होता. त्याने मला काय बोलायचं ते बोलू दे. नंतर पोट्टीच्या बाजूने त्याच्याशी भांडायला मी आहे. आधी ती असू दे.

कागद आता घडी करून तांदळाच्या डब्यात टाकते. त्याआधी एक राहिलं. त्या दिवशी मी हरवले नव्हते, माय. मी तुला पाहिलं होतं. तू रसाच्या गाडीपाशी उभी होतीस, माझं नाव घेऊन ओरडत, बोटाला बिडीचा दोरा तसाच गुंडाळलेला. मी गाडीच्या मागे खाली बसले. हात लांब केला असता तर तुझ्या लुगड्याला लागला असता. मला अजून थोडं फिरायचं होतं. तू पुढे गेल्यावर मी उठले आणि चौथ्यांदा खीर घेतली. आज मी फक्त एवढंच मागते, की पोट्टीलाही माझे फोन दिसत असतील आणि ती अशीच कुठेतरी खाली बसून राहिली असेल.